तुडतुड्यांचा चहा

गेल्या दिवाळीत नातू तैवानहून जळगावला आला. तिथल्या शिंचू शहरात तो चिपच्या कारखान्यात आहे. आजोबांसाठी चहाचा डबा आणला होता. झाकण काढून पाहतो तो आत पावडर नाहीच, वाळका पाला! काळपट, तांबूस, मधूनच कोवळी पांढुरकी टोके. "आबा, यात दूध नाही घालायचं, साखरही नाही," नातू म्हणाला. सौ.ने कपाळाला हात लावला.

पण मी पडलो इतिहासाचा मास्तर. बिनदुधाचा चहा आपल्या उंबरठ्यावर केव्हाच येऊन गेला आहे. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री 1690च्या सुमारास सुरतेस होता. त्याचे प्रवासवर्णन 1696 साली छापले गेले. त्यात तो लिहितो की इथले लोक चहा खडीसाखरेबरोबर पितात, काही शौकीन मुरवलेले लिंबू घालतात, आणि डोकेदुखी-पोटदुखीवर गरम मसाला घालून उकळतात. (म्हणजे आपला मसाला चहा अगदीच कालचा नव्हे.) हा सगळा चहा चीनचा. आसामच्या झाडांची इंग्रजांना तेव्हा खबरही नव्हती. 1699 साली त्याने चहावर वेगळी पुस्तिकाच काढली. चिनी चहाचे प्रकार कोणते, चांगला चहा कसा निवडावा, कसा टिकवावा, अशी तिची प्रकरणे! सुरत काही आपल्याला परकी नाही. सुरत-बऱ्हाणपूरचा जुना व्यापारी रस्ता नंदुरबार, थाळनेर, चोपड्यावरूनच जात असे.

मग ही पारख गेली कुठे? चहा घरोघरी पोचला तो फार उशिरा. 1903 साली सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून जाहिरात सुरू झाली. पुढे 1930च्या सुमारास आसामात पान चिरडून, फाडून त्याचे दाणे वळणारे यंत्र निघाले. हा दाणेदार चहा स्वस्त, कडक आणि दुधाला झकास. त्यात पान दिसतच नाही, तर पारखणार काय? माझ्या लहानपणी धुळ्यात वडील सुटा चहा घ्यायचे, तेव्हा चिमूटभर पावडर ओल्या टीपकागदावर टाकून पाहायचे. लगेच रंग फुटला तर ती रंगवलेली. एका दुकानातल्या पुडीने कागद भगवा झाला, तेव्हापासून ते दुकान आम्हाला बंद. आमची पारख इतकीच, भेसळ आहे की नाही!

नातवाने रीत दाखवली. पांढरी चिनी मातीची वाटी, शंभर मिलिलिटर उकळते पाणी, दोन ग्रॅम पाला, सहा मिनिटे. आधी कोरड्या पानाचा वास, मग ओल्या पानाचा, मग पाण्याचा रंग. शेवटी चमच्याने घेऊन जोरात भुरका मारायचा, म्हणजे चहा जिभेवर पसरतो आणि वास आतून नाकात चढतो. आयुष्यभर बशीतून भुरके मारल्याबद्दल मी बोलणी खाल्ली, आणि जाणकार नेमके तेच करतात! रंग मधासारखा. पहिला घोट सपक वाटला. दुसऱ्याला मात्र पिकल्या फळाचा आणि मधाचा वास आला. कडवटपणा नावाला नाही.

हा मध येतो कुठून, ते ऐकून मी खुर्चीतून उठलोच. शिंचू भागातल्या बेइपू, एमेई गावांत उन्हाळ्यात चहावर तुडतुडे पडतात. ते कोवळ्या पानाचा रस शोषतात, झाड त्यावर सुगंधी द्रव्ये तयार करते, आणि तोच या चहाचा वास. म्हणून शेतकरी तुडतुडे मारत नाहीत, त्यांची वाट पाहतात. असे सांगतात की पूर्वी एकाने किडका पाला टाकून न देता त्याचा चहा केला, शहरात नेला आणि चढ्या भावाने विकला. गावात कुणी विश्वास ठेवेना. तेव्हापासून त्याचे एक नाव 'बढाईचा चहा'. दुसरे नाव 'पूर्वेची सुंदरी'.

आपल्या कपाशीवरचा तुडतुडा याच कुळातला, जात वेगळी. पान कडेने पिवळे पडते, तांबारते, खाली वळते. चोपडा तालुक्यातल्या माझ्या थोरल्या भावाची कपाशी 1980च्या दशकात एके वर्षी अशीच गेली आणि पुतणीचे लग्न वर्षभर लांबले. त्या दिवसांबद्दल दादा कधी बोलत नाही.

भाऊबीजेनंतर दादा आला, तेव्हा त्याला न सांगताच वाटी दिली. "हाऊ चहा शे का काढा?" दादाने विचारले. पण वाटी संपवली. मग मी सगळी हकिकत सांगितली. बराच वेळ तो वाटीतली भिजलेली पाने बोटाने उलगडत बसला, कडा बघत. जुन्या सवयीने पानाची खालची बाजूही पाहिली.

"मास्तर," तो म्हणाला, "त्यास्ले सांग, आमना तुडतुडा बी लई जा म्हना."

आणि वाटी पुन्हा पुढे केली.