घराला किमान वीज किती लागते? समजून घ्या १२ व्होल्टचं गणित

वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. हेमा साने पुण्याच्या बुधवार पेठेत, भर शहरात, अनेक दशकं विजेच्या जोडणीशिवाय राहिल्या. सगळ्यांना ते जमणार नाही. पण दिवे आणि मोबाइल यांच्यापुरती वीज हवी असेल, तर ती घरीच तयार करता येते.

काय लागतं? २० वॅटचं सोलर पॅनल, १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी आणि चार्ज कंट्रोलर. ५ वॅटचे दोन एलईडी दिवे रात्री चार तास लावले, तर ४० वॅट-तास वीज खर्च होते, म्हणजे बॅटरीच्या जवळपास निम्मी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज त्याहून जास्त उतरवली, तर लवकर खराब होते. म्हणून मोबाइल दिवसा, ऊन असतानाच चार्ज करावा.

धोका काय? १२ व्होल्टचा सहसा शॉक बसत नाही, पण शॉर्टसर्किट झालं तर वायर तापून आग लागू शकते. त्यामुळे बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

मर्यादा काय? या संचावर फ्रिज किंवा गीझर चालणार नाही. पावसाळ्यात ढगाळ दिवस सलग आले, तर एकाच दिव्यावर भागवावं लागेल.