डब्लिनचा जुना तुरुंग

मित्रहो, तुरुंग पाहायला कोणी हौसेने जातो का? पण मी नुकताच एक तुरुंग पाहिला, आणि तोही घरबसल्या! आयर्लंडची राजधानी डब्लिन. तिथल्या किल्मेनहॅम तुरुंगाची छायाचित्रे इंटरनेटवर आहेत. तुमच्या मोबाइलवरही ती दिसतील.

पहिले चित्र दरवाजाचे. वर दगडात कोरलेले पाच सर्प, साखळदंडांनी जखडलेले. इंग्रजी अमलात, १७९६ साली हा तुरुंग उघडला. दुसरे चित्र १८६२ सालच्या इमारतीचे. वर काचेचे छप्पर, भोवती तीन मजले कोठड्या. मधे उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याला सारी दारे दिसावीत, अशी ही रचना. त्याआधी, १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला, तेव्हा पोटासाठी चोरी करणारी माणसे इथे कोंबली गेली. त्यांत मुलेही होती बरं का!

मग एक मोकळे आवार दिसते. तिथे दोन साधे क्रूस आहेत. १९१६ च्या उठावातील चौदा जणांना मे महिन्यात इथे गोळ्या घातल्या. जेम्स कॉनली जखमी होते, उभे राहवत नव्हते. त्यांना खुर्चीवर बसवून मारले.

इथवरची गोष्ट आपल्या ओळखीची वाटते. परके सरकार आणि देशभक्त कैदी. पण पुढे ऐका. १९२२ साली आयर्लंडच्या बहुतेक भागातून इंग्रजी सत्ता गेली आणि तहाच्या अटींवरून यादवी पेटली. स्वदेशी सरकारने आपल्याच बांधवांना याच कोठड्यांत टाकले. त्या नोव्हेंबरात चार तरुणांना इथेच गोळ्या घातल्या. शेवटच्या कैद्यांत डी व्हॅलेरा होते. ते १९२४ साली सुटले.

पुढे तुरुंग ओस पडला. १९६० पासून नागरिकांनी श्रमदानाने तो सावरला. मात्र काम करताना यादवीचा विषय काढायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. नाहीतर दोन्ही बाजूंची माणसे एकत्र राबली असती का? १९६६ साली संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले ते राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा यांच्याच हस्ते! आज तिथे यादवीची हकीकतही सांगतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही चित्रे वर्गात जरूर दाखवा. चित्रात भिंत दिसते, भांडण दिसत नाही. म्हणून मुलांना विचारा, ‘इथे कोणी कोणाला कोंडले?’ एका उत्तरावर थांबू नका. दुसरे उत्तरही मुलांना शोधू द्या.