मांजर, राख आणि फिनाईल



मागच्या वेळी धान्यातल्या उंदरांवर बोलणं झालं आणि त्यानंतर बहुतेक सगळ्या गटांतून एकच प्रश्न आला. मांजर आणलं तर उंदीर जातात हे आम्हालाही माहीत आहे, पण मग मांजराच्या वासाचं काय करायचं? घर लहान, दारं-खिडक्या बंद, पाहुणा आला की आधी नाकाला पदर लावतो. आम्ही याची उत्तरं गोळा करायला बसलो आणि एका वेगळ्याच प्रश्नाशी येऊन थांबलो. आपल्या आज्यांच्या घरात तर दोन-दोन, तीन-तीन मांजरं असायची. मग तेव्हा या वासाची तक्रार कशी ऐकू येत नव्हती? म्हणून आज आधी थोडा इतिहास, मग उपाय.

मांजर माणसाकडे आलं ते धान्यामागे आलेल्या उंदरांसाठी. सायप्रस बेटावर साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं आहे. आपल्याकडे सिंधू संस्कृतीतल्या चन्हुदडो इथे एक वीट मिळाली. ती ओली असताना तिच्यावरून मांजर पळालं आणि मागून कुत्रं, दोघांचे पंजे तिच्यात उमटून राहिले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात संकटांचा अध्याय आहे. त्यात उंदरांचा उपद्रव झाला तर मांजरं आणि मुंगसं सोडावीत असं सांगितलं आहे, आणि त्यांना पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला बारा पण दंड. म्हणजे मांजराला सरकारी संरक्षण होतं! लाड म्हणून नव्हे, कामाचं म्हणून.

आपल्या नाशिक भागातल्या जुन्या घरांचंही तेच. कणगी, बळद, पेव यांत वर्षाचं धान्य, आणि त्याची राखण मांजराकडे. दूध वाटीभर, बाकी पोट त्याने स्वतः भरायचं. रात्री ते माळ्यावर नाहीतर परसात. त्याचा संडास म्हणजे उकिरडा, परसातली भुसभुशीत माती किंवा चुलीतून काढून टाकलेल्या राखेचा ढीग. मांजराला मऊ, कोरडं, उकरता येईल असं काही लागतं आणि ते घराबाहेर भरपूर होतं. आत कधी घाण केलीच तर जमीन शेणामातीची. ओल मातीत जिरायची, बाई वर राख टाकायची, भरून फेकायची आणि तेवढ्या जागेवर पुन्हा सारवायची. म्हणजे वास नव्हता असं नाही. तो रोजच्या रोज निघत होता, आणि काढणारी बाई होती. तिने किती वेळा वाकून ते केलं याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. आज ‘पूर्वी असले वास नव्हते’ असं कोणी म्हणालं की आम्हाला हे सांगावंसं वाटतं.

राखेचं काम समजून घेण्यासारखं आहे. मांजराच्या मुतात युरिया असतो. ओल राहिली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, तोच डोळ्यांत झोंबणारा वास. राख ओल ओढून घेते, त्यामुळे जिवाणूंचं काम अडतं. पण मांजराच्या मुताला आणखी एक खास वास असतो, बोक्याच्या तर फारच. त्यात फेलिनीन नावाचा पदार्थ असतो. ताज्या मुतात त्याला वास नसतो. तो हळूहळू फुटतो आणि गंधकयुक्त वास सुटतो. म्हणून आज पुसलेला कोपरा परवा पुन्हा घमघमतो. जपानमधल्या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं की हा पदार्थ तयार होण्यामागे मांजराच्या मूत्रपिंडात बनणारं एक विशिष्ट प्रथिन असतं, आणि न कापलेल्या बोक्यात ते सर्वांत जास्त असतं. ‘बोका फवारा मारून हद्द आखतो’ असं आपण म्हणतो ते खरंच आहे. त्याच्या दृष्टीने ते पत्र आहे, दुसऱ्या बोक्याला लिहिलेलं. आपल्या पडद्यावर लिहिलं एवढंच.

मांजराच्या कुळातले सगळेच वास वाईट असतात असं मात्र नाही. वाघ झाडावर जो फवारा मारतो त्याला बासमतीसारखा वास येतो, हे कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. सुवासिक तांदळात जो गंधाचा पदार्थ असतो तोच त्यात आहे. आपल्या घोटी-इगतपुरीच्या भागातल्या बायकांनी हे ऐकून भात शिजताना हसू नये.

आता फिनाईलकडे येऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. पुढच्या वर्षी तो पुण्यात होता. तिथे रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपल्या नाशिक जिल्ह्यातही तो आला. भगूरला १८९९ साली दामोदरपंत सावरकर प्लेगने वारले आणि त्यांची मुलं पोरकी झाली. त्या वेळी रोगाचं कारण घाण आणि दुर्गंधी आहे असं सरकारही मानत होतं. मुंबईत गटारं कार्बोलिक आम्लाने धुतली, घरांना चुना फासला, लोकांचं सामान जाळलं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो असं मांडलं, पण ते मान्य व्हायला पुढची काही वर्षं गेली. तोवर कार्बोलिकचा उग्र वास म्हणजे स्वच्छता, हे लोकांच्या मनात बसलं. आजही फरशी पुसल्यावर फिनाईलचा दर्प आला नाही तर आपल्याला काम झाल्यासारखं वाटत नाही. याची मुळं त्या प्लेगच्या दिवसांपर्यंत जातात असं आम्हाला वाटतं.

उंदीर आणि पिसवा हे कारण पटल्यावर मांजराकडे पुन्हा लक्ष गेलं, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात. अमरावतीला लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांजरं प्लेग रोखतात असा लेख लिहिला. ज्या गावांत घरटी मांजरं जास्त, तिथे प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख जपानला गेले होते, त्यांनीही मांजरं पाळण्याचा सल्ला दिला. पुढे कळलं की मांजरालाही प्लेग होऊ शकतो, त्यामुळे हा उपाय वाटतो तितका सरळ नव्हता. पण आम्हाला गंमत वाटते ती ही, की एकीकडे मांजर घरात आणा म्हणून सांगणं सुरू होतं आणि दुसरीकडे मांजराला सर्वांत वाईट असं द्रव्य घराघरांत शिरत होतं. काळ्या फिनाईलमध्ये फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात. आपलं यकृत ती बाहेर काढतं, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. फिनाईलच्या घरात मांजर लाळ गाळतंय, लडखडतंय असं दिसलं तर त्याला नजर लागलेली नसते. त्याला लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

मग घरं बदलली. सातपूर-अंबडचे कारखाने आले, सिडकोची घरं आली, मग इमारती. परस गेलं, उकिरडा गेला. गॅस आला आणि चुलीबरोबर राखही गेली. उज्ज्वला योजना २०१६ ची, पण शहरात राख त्याच्या कितीतरी आधी संपली होती. धुरातून सुटका झाली याचा आनंदच आहे, राखेसाठी कोणी चूल पेटवू नये. पण मांजराचं न्हाणीघर आपण काढून घेतलं आणि त्याला घरात कोंडलं, हे लक्षात घ्यायला हवं. वर फरशी अशी की पाणी जिरत नाही, ते सांध्यात जाऊन बसतं.

हाच पेच अमेरिकेत वेगळ्या तऱ्हेने सुटला. १९४७ च्या जानेवारीत मिशिगन राज्यातल्या एका गावात बर्फ पडलं होतं. एका बाईची मांजरासाठीची वाळू गोठली. राख वापरली तर मांजराचे काळे पंजे घरभर उमटत. ती शेजारच्या एड लो नावाच्या तरुणाकडे वाळू मागायला गेली. त्याच्या वडिलांचा कारखान्यांना तेल-ओल टिपणारी माती पुरवण्याचा धंदा होता. त्याने तीच माती दिली. बाईला ती इतकी आवडली की ती पुन्हा मागायला आली, मग लो पिशव्या भरून विकू लागला आणि त्यातून मोठा उद्योग उभा राहिला. ती माती कोणती? फुलर्स अर्थ, म्हणजे आपण तोंडाला लावतो ती मुलतानी माती! आज बाजारात मांजरासाठी जी गोळा होणारी माती मिळते ती बहुधा बेंटोनाइटची असते, आणि बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी आपल्या शेजारी कच्छमध्ये आहेत. नाव सगळीकडे लोचं झालं. शेजारी दार वाजवणारी ती बाई गोष्टीपुरती उरली.

आता आमच्या गटातली गोष्ट. सिडकोत राहणारी आमची एक ताई शिवणकाम करते. गटाच्या कर्जातून तिने कापड भरलं आणि उंदरांनी दोन तागे कुरतडले. तिने बोका आणला. उंदीर गेले, पण चार महिन्यांत बोका वयात आला आणि शिलाई मशिनच्या पायापासून कापडाच्या गाठोड्यापर्यंत फवारे मारू लागला. दोन गिऱ्हाइकांनी ब्लाउज वासामुळे परत केले. हप्ता थकला. इमारतीतले लोक मांजर गोणीत घालून लांब सोडून या म्हणाले. त्यातच घरात सून गरोदर, तिच्या माहेरूनही तोच निरोप.

गटाच्या बैठकीत हा विषय आला तेव्हा काहीजणी हसल्या. पण थकलेला हप्ता सगळ्यांचाच होता, त्यामुळे हसू लवकर थांबलं. आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. पहिली गोष्ट, बोक्याचं ऑपरेशन. त्यानंतर बहुतेक बोक्यांचा फवारा थांबतो आणि मुताचा उग्रपणाही उतरतो. दुसरी, मांजर सोडून देणं हा उपाय नाही. उपासमार होईल अशा रीतीने पाळीव जनावर टाकून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय बोका गेला की उंदीर परत.

सुनेची भीती मात्र खोटी नव्हती. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो आणि गरोदरपणी पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो. पण विष्ठेतला हा जंतू बाधायला निदान एक दिवस लागतो, म्हणून संडासाचं भांडं रोजच्या रोज साफ करायचं, आणि ते गरोदर बाईने करायचं नाही. तो जंतू कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो, तिकडेही तितकंच लक्ष हवं. सुनेच्या डॉक्टरांनाही घरात मांजर आहे हे सांगून ठेवलं. आता भांडं कोण साफ करणार? ताईचा मुलगा. पहिले आठ दिवस त्याने नाक मुरडलं. आता करतो.

जुने डाग काढायला आम्ही हे केलं. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. मग साबणाच्या पाण्याने धुऊन, वर पांढरा व्हिनेगर पाण्यात निम्मा करून शिंपडायचा आणि जागा पूर्ण वाळू द्यायची. शहाबादी फरशी असेल तर व्हिनेगर नको, तिच्यावर डाग पडतात. एन्झाइमचं द्रावण मिळालं तर सर्वांत चांगलं, कारण ते वास झाकत नाही, वासाचं मूळ फोडतं. ब्लीचिंगचं पाणी या डागावर कधीच टाकू नका. मुतातल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो, आणि बंद न्हाणीघरात तो छातीत बसतो. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास मांजराला स्वतःच्याच खुणेसारखा वाटतो, ते परत तिथेच येतं. धूप-उदबत्तीने वास फक्त झाकला जातो, आणि कोंदट खोलीत तो धूर मांजरालाही नको, गरोदर बाईलाही नको.

भांडं जेवणाच्या वाटीपासून लांब, शांत कोपऱ्यात ठेवा. मांजरं जितकी त्याहून एक भांडं जास्त असावं. बोका भांड्यात बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर वासाचा विचार सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, मूत अडलं तर तो मरू शकतो.

विकतची माती परवडत नाही म्हणून ताई वखारीतून लाकडाचा भुसा आणते. तो साध्या लाकडाचा, खरबरीत हवा. प्लायवूडचा किंवा रंगाचा नको आणि फार बारीकही नको, नाकात जातो. वापरलेला भुसा कागदात गुंडाळून घंटागाडीत द्यायचा. बेंटोनाइट वापरत असाल तर ते संडासात ओतू नका, पाण्यात फुगतं आणि पाइप तुंबतो. ताईचा हप्ता दिवाळीपर्यंत सुरळीत झाला. कापडाचं गाठोडं ती आता पत्र्याच्या पेटीत ठेवते.