आम्ही हसलो ती दंडार

दिवाळीची सुट्टी संपली तरी आमच्या वर्गातले काही बाक रिकामेच असत. केळापूर तालुक्यातल्या गोंड गावांतली, कोलाम पोडांवरची मुलं उशिरा येत. "दंडारीत होतो," म्हणत. आम्ही हसायचो.

घुसाडीचा मोरपिसांचा टोप, अंगाला राख, ढोल. एका गावची दंडार दुसऱ्या गावी पाहुणी जाई. यजमान गाव सगळ्यांना जेवू घाली. आमच्या गॅदरिंगला नाच असत, पण हा कधीच नव्हता.

2021 साली पैनगंगेपलीकडच्या, तेलंगणातल्या मारलवाईच्या कनक राजूंना घुसाडी नृत्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. बातमी वाचून मी त्यातल्या एका मित्राला फोन केला. "तेव्हा नीट सांगायचं होतंस रे."

"दरवर्षी सांगत होतो की!"