प्रतिकृती-मोटारींचे फवारा-रंगकाम
मोटार लहान प्रमाणात घडविता येते. तिच्यावरील रंगाचा थर मात्र आपोआप त्या प्रमाणात पातळ होत नाही. १ : २५ प्रमाणाच्या प्रतिकृतीवरील ०.१ मिमी. जाडीचा थर मूळ मोटारीवरील २.५ मिमी. थराइतका जाड भासतो. दारांच्या फटी व उठावाची अक्षरे त्याखाली बुजतात. कुंचल्याचे ओरखडे राहतात ते वेगळेच.

कारखान्यांत १९२३ पासून नायट्रोसेल्युलोज लॅकर व फवारा यांच्या योगे रंगकामाचे आठवडे दिवसांवर आले. हौशी कारागिराजवळ मात्र सहसा वायुसंपीडक नसे. १९४९ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड सीमोर यांनी रंग दाबाखालील वायूसह डब्यात भरला. कल्पना त्यांच्या पत्नीची होती आणि हेतू खोली तापविणाऱ्या रेडिएटरांवरील ॲल्युमिनियम रंगाचे प्रात्यक्षिक एवढाच होता!

१९५८ पासून एएमटी कंपनीचे १ : २५ प्रमाणातील पॉलिस्टायरिनचे जुळणीसंच लोकप्रिय झाले, तेव्हा नवीनच अडचण उद्भवली. लॅकरमधील तीव्र विद्रावकामुळे प्लॅस्टिक विरघळून पृष्ठभागावर बारीक तडे पडत व कित्येक दिवसांची जुळणी क्षणात वाया जाई. यासाठी प्रथम अस्तर-रंग देऊन वर अनेक विरळ हात देण्याची पद्धत रूढ झाली. फवारा बॉडीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबवितात. अन्यथा कडेशी रंग साचून ओघळतो.