वीस मीटरांचा हिशेब

वाचकहो, मोजपट्टी हेही इतिहासाचे एक साधन आहे असे कोणी म्हटले तर आपण हसाल. पण ब्रिटनमधील अपंगांच्या गेल्या ऐंशी वर्षांची हकीगत सांगू लागले की एका मोजपट्टीपाशी थांबावेच लागते. तिच्याकडे वळण्यापूर्वी आपण 1944 सालात जाऊ.

महायुद्ध चालू होते. तरुण मंडळी आघाडीवर, आणि इकडे कारखान्यांना माणसे हवीत. ज्यांना 'कामाचे नाहीत' म्हणून घरी बसवले होते, त्यांचेच हात आता मोलाचे ठरले. शिवाय हातपाय गमावून परतणाऱ्या सैनिकांचा प्रश्न होताच. मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या कारकिर्दीत, टॉमलिन्सन समितीच्या 1943 च्या अहवालाला अनुसरून, अपंगांच्या रोजगाराचा कायदा झाला. ज्याच्या पदरी 20 किंवा अधिक नोकर आहेत अशा मालकाने 3 टक्के जागा नोंदणी झालेल्या अपंगांना द्याव्यात, हे त्यातले मुख्य कलम. पुढे दोन कामे तर खास त्यांच्यासाठीच राखून ठेवली: लिफ्ट चालवणे आणि मोटारतळावर देखरेख करणे. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. मलाही हसू येते. पण सरकारने निदान काही राखून ठेवले होते, हेही खरे.

त्या 3 टक्क्यांचे पुढे काय झाले म्हणाल, तर फारसे काही नाही. कलम मोडणाऱ्या मालकांवर अर्धशतकात जे खटले झाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अखेर 1995 च्या नव्या कायद्याने अपंगांबाबतच्या भेदभावाला बंदी केली आणि त्याचबरोबर ते राखीव प्रमाणही काढून टाकले. योगायोग असा की, नेमक्या त्याच 1995 च्या आपल्या भारतीय कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी 3 टक्के जागा ठेवल्या. 2016 च्या कायद्याने त्या 4 टक्के झाल्या.

बेव्हिनसाहेबांच्या कायद्याचे दुसरे अपत्य अधिक दिवस टिकले. ते म्हणजे 'रेम्प्लॉय' ही सरकारी संस्था. तिचा पहिला कारखाना 1946 साली वेल्समधील ब्रिजेंड येथे निघाला. खाणीत जायबंदी झालेले कामगार तेथे लाकूडसामान आणि चक्क व्हायोलिने बनवीत. कोळसा फोडणाऱ्या हातांनी व्हायोलिन घडवावे, हे चित्र माझ्या मनातून काही केल्या जात नाही. पुढे देशभर असे कारखाने उभे राहिले.

2010 नंतर काटकसरीचे पर्व सुरू झाले. तेव्हा 54 कारखाने उरले होते. 2011 च्या एका सरकारी पाहणीने हिशेब मांडला: कारखान्यातील एका कामगारामागे सरकारला वर्षाला सुमारे 25,000 पौंड खर्च येतो, तोच माणूस साध्या नोकरीत राहावा म्हणून मदत केली, तर सुमारे 2,900 पौंड पुरतात. शिवाय अपंगांना वेगळ्या आवारात का ठेवावे, असाही प्रश्न होता. हा आक्षेप खोटा नव्हता. अपंगांच्या संघटनांतूनच तो निघत असे. मार्च 2012 मध्ये 36 कारखाने बंद करण्याचे जाहीर झाले आणि 2013 संपेपर्यंत बाकीचेही मिटले किंवा विकले गेले.

बरे, मग ती दुसरी मदत तरी मोकळ्या हाताने मिळाली का? 'ॲक्सेस टू वर्क' हे त्या योजनेचे नाव. दुभाषी, मदतनीस, कामावर जाण्यायेण्याचे भाडे, असा खर्च तीतून मिळे. ऑक्टोबर 2015 पासून नव्या अर्जदारांसाठी तिला वर्षाला 40,800 पौंडांची कमाल मर्यादा घातली गेली. रक्कम मोठी दिसते खरी. पण ज्या कर्णबधिर माणसाला दिवसभर खुणांच्या भाषेचा दुभाषी लागतो, त्याला ती पुरत नसे. स्वतःच्या हुशारीने वर चढलेल्यांनाच, ज्यांच्या कामात बैठका आणि भेटीगाठी अधिक त्यांनाच, हा फटका बसला. 2018 साली मर्यादा थोडी सैल करावी लागली.

आता ती मोजपट्टी. अपंगांना निर्वाहासाठी मिळणारा एक भत्ता होता. तो बेकारभत्ता नव्हे. नोकरी करणाऱ्यालाही मिळे, कारण अपंगत्वाने जो जास्तीचा खर्च येतो त्यासाठी तो होता. ज्यांना जवळजवळ चालताच येत नाही त्यांना वरचा दर मिळे आणि तो देऊन 'मोटॅबिलिटी' योजनेतून मोटार भाड्याने घेता येई. 2010 मध्ये सरकारने ठरवले की, कामाच्या वयातील लोकांवरील या भत्त्याच्या अंदाजित खर्चात 20 टक्के बचत करायची. आकडा आधी ठरला, माणसांची तपासणी मागाहून. 2013 पासून नवा भत्ता आला. पूर्वी साधारण 50 मीटरांची कसोटी धरीत. आता ती 20 मीटर झाली. घराच्या दारापासून बसथांब्यापर्यंतचे अंतर आपण मोजून पाहा! 30 मीटर कसेबसे जाऊ शकणारा माणूस कागदावर एकदम चालता झाला. हजारोंच्या मोटारी परत गेल्या, आणि मोटार गेली की कामावर जायचे कसे? बचत भत्त्यात झाली. नोकरी गेली ती कोणत्या वहीत मांडली, हे मला कोठे दिसले नाही.

2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या समितीने या धोरणांतून अपंगांच्या हक्कांची गंभीर वा पद्धतशीर पायमल्ली झाल्याचा निष्कर्ष काढला. ब्रिटिश सरकारने तो मान्य केला नाही.

एक गोष्ट राहिली. फार तीव्र अपंगत्व असलेल्यांना संस्थेत न राहता आपल्या घरी राहता यावे, मदतनीस स्वतः नेमता यावेत, म्हणून 1988 साली एक स्वतंत्र निधी निघाला होता. त्यामुळे अंथरुणाला खिळलेला माणूसही कोणाचा तरी मालक होत असे. 2010 साली नवे अर्ज घेणे थांबले. पुढे अपंगांनी न्यायालयात धाव घेतली आणि 2013 साली अपील न्यायालयाने निधी बंद करण्याचा निर्णय रद्दही केला. सरकारने 2014 मध्ये तोच निर्णय पुन्हा घेतला आणि 30 जून 2015 रोजी निधी मिटला. इंग्लंडमध्ये पैसा स्थानिक संस्थांकडे गेला, पण तो याच कामी लावण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. स्कॉटलंडने मात्र दुसऱ्याच दिवशी, 1 जुलैला, आपला निधी चालू केला, आणि 2024 मध्ये नव्या अर्जदारांसाठीही तो पुन्हा उघडला.