वाकड्या भिंतीवर शॉवर मिक्सर बसवताना मोबाईलची लेव्हल किती कामाची?

कुरखेड्यात किंवा आसपासच्या गावात जुन्या घराला लागून नवीन बाथरूम काढलं, की एक अडचण हमखास येते: भिंत सरळ नसते. कुठे प्लास्टर फुगलेलं, कुठे खोलगट, तर कुठे अख्खी भिंतच जरा झुकलेली. अशा भिंतीवर गरम-थंड पाण्याचा वॉल मिक्सर बसवायचा असतो आणि हाताशी लेव्हल पट्टी नसते. मोबाईल मात्र खिशात असतोच. मग त्यातली लेव्हल वापरली तर चालेल का? चालेल. पण ती काय मोजते आणि काय मोजत नाही, हे आधी माहीत हवं. कारण टाइल्स लागल्यावर आतून गळती निघाली, तर टाइल्स फोडण्यावाचून इलाज नसतो.

मोबाईलला उतार कसा कळतो?

फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर नावाचा सेन्सर असतो. सिलिकॉनच्या चिपमध्ये एक अतिशय सूक्ष्म वजन स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर अडकवलेलं असतं. गुरुत्वाकर्षणामुळे ते किंचित सरकतं आणि किती सरकलं हे चिप विजेच्या बदलावरून ओळखते. असं तीन दिशांना मोजलं, की 'खाली' कुठे आहे ते फोनला समजतं. फोन आडवा धरल्यावर स्क्रीन फिरते, तीही याच सेन्सरच्या जोरावर. आयफोनमध्ये 'मेजर' ॲपमध्येच लेव्हल मिळते. अँड्रॉइडसाठी प्ले स्टोअरवर मोफत लेव्हल ॲप्स आहेत. दशांशात आकडा दाखवणारं ॲप घ्या, कारण या कामात अर्धा अंशही महत्त्वाचा असतो.

आधी फोनचीच परीक्षा घ्या

कव्हर काढा. मागच्या बाजूला कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, म्हणून पाठ टेकवू नका. बटणं नसलेली लांब कड वापरा. ती कड टेबलावर ठेवून आकडा लिहून घ्या. मग तीच कड खाली ठेवून फोनची डावी-उजवी टोकं बदला आणि त्याच जागी पुन्हा वाचा. समजा, पहिल्यांदा खिडकीच्या बाजूला १ अंश उतार दिसला आणि फिरवल्यावर त्याच बाजूला ०.४ अंश दिसला. तर खरा उतार दोन्हींची सरासरी, म्हणजे ०.७ अंश, आणि तुमच्या फोनची चूक ०.३ अंश. गवंडी आपली लेव्हल पट्टी उलटी-सुलटी ठेवून तपासतात, त्यातला हिशोब हाच. ॲपमध्ये कॅलिब्रेशनची सोय असेल तर ही चूक तिथेच काढून टाकता येते.

१५० मिलिमीटरचा हिशोब

वॉल मिक्सरच्या गरम आणि थंड पाण्याच्या तोंडांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत साधारण १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच अंतर असतं. समोर उभं राहिलं की गरम डावीकडे आणि थंड उजवीकडे. भिंतीतल्या दोन्ही एल्बोमध्ये सारख्या लांबीचे अर्ध्या इंची निपल हाताने फिरवून बसवा, त्यांवर सरळ ॲल्युमिनियमची पट्टी ठेवा आणि पट्टीवर फोन ठेवा. एवढ्या अंतरात १ अंश उतार म्हणजे एक तोंड दुसऱ्यापेक्षा २.६ मिलिमीटर खाली. इतका फरक मिक्सरसोबत मिळणाऱ्या वाकड्या लेगने भरून निघतो. लेगची दोन टोकं एका रेषेत नसतात, त्यामुळे तो फिरवला की बाहेरचं टोक वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकतं. फरक सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर लेगवर जबरदस्ती न करता पाइपच दुरुस्त करून घ्या.

जे लेव्हल सांगत नाही

खरा घोटाळा इथे होतो. सेन्सरला भिंत दिसत नाही, त्याला फक्त फोनचा कल कळतो. एक एल्बो दुसऱ्यापेक्षा ८ मिलिमीटर आत गेलेला असला, तरी लेव्हलचा बुडबुडा मधोमध राहतो. वाकड्या भिंतीवर नेमकं हेच होतं.

म्हणून खोली टेपनेच मोजा. भिंतीवर लांब सरळ पट्टी टेकवा आणि पट्टीपासून प्रत्येक एल्बोच्या तोंडापर्यंतचं अंतर घ्या. जो जास्त आत असेल त्याला तेवढ्या लांबीचा एक्स्टेन्शन निपल लावा. मापं आधीच लिहून ठेवली, तर त्या एका निपलसाठी वडशाला दुसरी चक्कर पडत नाही.

लेगच्या भिंतीकडच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. मिक्सरच्या नटात रबरी वॉशर असतो, तिथे टेप लागत नाही. दोन्ही नट आधी हातानेच पकडले पाहिजेत. पान्याने ओढून जुळवले, तर वॉशर तिरका बसतो, थेंब थेंब गळती सुरू होते आणि भिंतीतल्या एल्बोवर कायमचा ताण राहतो.

बोटीत 'सरळ' म्हणजे काय?

केरळच्या हाउसबोटीतही बाथरूम असतं. पण माणसं एका बाजूला जमली की बोट कलते, आणि पाण्यावर हलताना सेन्सर गुरुत्वाकर्षणासोबत ते हेलकावेही मोजतो. एसटीने वळण घेतलं की लेव्हलचा बुडबुडा पळतो, तसंच हे. म्हणून बोटीत लेव्हलच्या शून्याला अर्थ नसतो. बोट बांधून ठेवायची, फरशीवर आकडा घ्यायचा आणि मिक्सरवर तोच आकडा आणायचा.

ही युक्ती घरातही उपयोगी पडते. टाइल्सची रेघच अर्धा अंश तिरकी असेल, तर अगदी लेव्हलमध्ये बसवलेला मिक्सर डोळ्यांना वाकडा दिसतो. अशा वेळी टाइल्सच्या रेघेशी जुळवलेलं बरं.

टाइल्स लावण्याआधी ही चार कामं कराच

१. उघड्या पाइपचे फोटो काढा. टेप भिंतीला लावून, आकडे वाचता येतील असे. उद्या आरसा किंवा हँडल लावायला ड्रिल मारताना पाइप कुठे आहे ते कळेल.

२. दोन्ही तोंडं प्लगने बंद करून पाइपमध्ये रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी ओल दिसली, तर दुरुस्ती अजून स्वस्तात होते.

३. एल्बोची तोंडं टाइल्सच्या जाडीचा आणि खालच्या सिमेंटचा हिशोब धरून बाहेर आहेत ना, ते बघा.

४. गिझर आधीच लावलेला असेल, तर कामाला हात लावण्याआधी त्याचा एमसीबी बंद करा.

मिक्सर बसल्यावर फ्लँजच्या वरच्या आणि बाजूच्या कडेला सिलिकॉन भरा, खालची कड मोकळी सोडा. पुढे कधी आत गळती झालीच, तर पाणी भिंतीत न मुरता तिथून बाहेर येईल आणि तुम्हाला वेळेत दिसेल.